नाडीवर तीन बोटं

कोविडच्या काळात मराठी घरांत दोन यंत्रं आली आणि कायमची मुक्कामाला राहिली. एक बीपीचं, दुसरं बोटाला चिमट्यासारखं लावायचं ऑक्सिमीटर. ऑक्सिमीटर लावलं की घरातल्या सगळ्यांचे डोळे वरच्या ९७-९८ वर खिळतात. खाली पल्सचा आकडा असतो. तो ७२ वरून १०४ वर, तिथून ८८ वर असा उड्या मारत असला, तर ‘सेल उतरला असेल’ म्हणून यंत्र झटकून पुन्हा लावलं जातं. बीपीच्या यंत्राने दोनदा ‘एरर’ दाखवला की पट्टा आणखी आवळतात. सत्तरीपुढच्या माणसाच्या बाबतीत यंत्र धडधाकट असून ठोकेच बेताल पडत असण्याची शक्यता आधी तपासलेली बरी. ते तपासायला तिसरं यंत्र आणावं लागत नाही.

पाच मिनिटं शांत बसू द्यावं. जेवण, चहा, जिना यांच्या लगेच नंतर मोजू नये. हात मांडीवर सैल, तळवा वर. अंगठ्याच्या रेषेत खाली येत मनगटाच्या घडीपाशी आलं, की हाड आणि स्नायूची ताठ दोरी यांच्यामध्ये एक उथळ खोबण लागते. तिथे तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी तीन बोटं टेकवायची. अंगठा वापरायचा नाही, कारण त्याची स्वतःची धडधड जाणवते आणि आपण आपलेच ठोके मोजत बसतो. जोरात दाबलं तर वयस्कर मनगटातली नाडी बोटाखाली मरते, फार हलकं धरलं तर लागत नाही. आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याचा शॉर्टकट नियमित नाडीला चालतो. इथे तर नाडी नियमित आहे का, हेच शोधायचं आहे.

त्या एका मिनिटात साधारण तीन गोष्टींपैकी एक हाताला लागते. पहिली, एकसारखी चाल. श्वास आत घेताना किंचित जलद, सोडताना किंचित संथ झाली तरी हरकत नाही, मात्र म्हातारपणी हा फरकही कमी होत जातो. दुसरी, चाल एकसारखीच, पण अधूनमधून एक ठोका गळतो, क्षणभर पोकळी आणि मग जरा जोरकस ठोका. ‘काळजात धस्स झालं’ असं ज्याचं वर्णन होतं, ते बहुधा हेच. तिसरी मात्र वेगळीच. लागोपाठच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कशालाच जुळत नाही. दोन जवळजवळ, मग एक लांब, मग तीन घाईघाईने, त्यातला एक जेमतेम जाणवणारा. पायाने ताल धरायचा प्रयत्न केला तर धरताच येत नाही. वैद्यकात या तिसऱ्या प्रकाराचं सर्वांत मोठं कारण म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. दवाखान्यात सगळे त्याला ‘एएफ’ म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

दुसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात सांगून पुढे जाऊ, कारण त्याची भीती लायकीपेक्षा जास्त असते. तो गळलेला ठोका खरं तर गळलेला नसतो. तो वेळेआधीच पडून जातो, हृदय पुरतं भरायच्या आत, म्हणून मनगटापर्यंत पोचत नाही. पुढचा ठोका भरपूर रक्त घेऊन येतो आणि तोच छातीत आपटतो. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग चांगलं असेल, सोबत चक्कर किंवा बेशुद्धी नसेल, तर बहुतेकदा औषध लागत नाही. मात्र पोटॅशियम, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा पाहून घ्यावं. जुलाबानंतर किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांमुळे पोटॅशियम उतरलं की असे ठोके वाढतात. मशेरी लावणाऱ्या आजीबाईंना ‘व्यसन आहे का’ विचारलं तर त्या ठाम ‘नाही’ सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू आणि निकोटिन हृदयाचे ठोके पळवतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

आता एएफ. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, मोठी शीर येऊन मिळते तिथे, ठोक्याचा विद्युत इशारा सुरू करणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन केलं, आणि फ्लॅकला तो पहिल्यांदा दिसला तो चिचुंदरीसारख्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात. या पुंजक्यातल्या पेशी वयाबरोबर झडत जातात. पंचाहत्तरीच्या आसपास मूळ पेशींचा जेमतेम दहावा हिस्सा शिल्लक असतो. एवढ्या भांडवलावर बहुतेकांचं हृदय व्यवस्थित चालतं, ही कौतुकाचीच गोष्ट. पण त्याच वेळी वरच्या कप्प्यांच्या भिंतींत तंतुमय जाळं वाढत असतं. वर्षानुवर्षांच्या बीपीने डावा वरचा कप्पा ताणून मोठा झालेला असतो. मग एका इशाऱ्याऐवजी सगळीकडून मिनिटाला ३५० ते ६०० वेडेवाकडे इशारे फिरू लागतात. कप्पा आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली विद्युत चौकी त्यातले जमतील तेवढेच, तेही कसलाच क्रम न पाळता, खाली सोडते. मनगटावर लागतो तो हा क्रमहीनपणा.

त्यामुळे दोन नुकसानं होतात. वरचा कप्पा शेवटच्या क्षणी जो दाब देऊन खालचा कप्पा भरतो, तो दाब नाहीसा होतो. तरुण, लवचीक हृदयाला त्याचं फारसं वाटत नाही. ताठरलेल्या म्हाताऱ्या हृदयाला मात्र त्या दाबाचीच गरज असते, म्हणून पायऱ्या चढताना दम, पायांवर सूज, सगळं अंग गळून गेल्यासारखं होणं. दुसरं नुकसान गुठळीचं. त्याकडे येऊच.

छातीत धडधड होईल तेव्हा एएफ कळेल, असं मानणं फसवं आहे. म्हाताऱ्या माणसांत तो पुष्कळदा मुकाट असतो. ‘हल्ली देवळापर्यंत जाववत नाही’, ‘भाजी निवडतानाही थकवा येतो’, ‘काल दोनदा तोल गेला’ अशा तक्रारी असतात, आणि त्यांना घरातल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, वय झालं. झटका येतो-जातो अशा प्रकारात एक मजेशीर खूण असते. झटक्याच्या वेळी वारंवार आणि भरपूर लघवी होते, कारण ताणलेला वरचा कप्पा लघवी वाढवणारं एक संप्रेरक सोडतो. पुरुषांत ते प्रोस्टेटच्या खात्यावर जमा होतं, बायकांत साखरेच्या.

खूप घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, वाढलेलं थायरॉइड, दारू, झडपेचा आजार, ही शोधून काढण्यासारखी कारणं. वाढलेल्या थायरॉइडचा तर म्हातारपणी वेगळाच खेळ. तरुणपणी हात कापतात, घाम फुटतो, माणूस बेचैन असतो. सत्तरीत नुसतं वजन उतरतं, मरगळ येते आणि नाडी बेताल होते. थायरॉइड कमी म्हणून वर्षानुवर्षं तीच गोळी त्याच मात्रेत चालू असेल, आणि मधल्या काळात वजन दहा किलोंनी उतरलं असेल, तर ती मात्राच आता जास्त होत असेल. टीएसएच ही रक्ततपासणी एएफच्या पहिल्याच चिठ्ठीत असली पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, जे श्रीमंत देशांत जवळपास संपलं. लहानपणी घसा दुखून ताप, मग सांधे सुजले, ते बरे झाले आणि सगळे विसरले. संधिवाताच्या त्या तापाने हृदयाची डावी झडप हळूहळू आकसत जाते. चाळिशी-पन्नाशीत किंवा त्याहून उशिरा एएफ होऊनच ती पहिल्यांदा लक्षात येते. म्हणून एएफ सापडला की इको करायचाच. झडप अशी आकसलेली निघाली तर पुढचं गोळ्यांचं सगळं गणित बदलतं.

एएफ नक्की करायला ईसीजी लागतो. बोटांनी शंका येते, निदान ईसीजीच्या पट्टीवरच होतं. साधा ईसीजी दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत एएफ चालू नसेल तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो, आणि तो रिपोर्ट फाइलला लावून घरचे निश्चिंत होतात. अशा वेळी २४ किंवा ४८ तासांचा होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवत राहणारं अंगावर बांधायचं लहान यंत्र, लावतात. त्यातही लोक चूक करतात ती अशी, की होल्टर लावला म्हणून माणूस दिवसभर पलंगावर झोपून राहतो. लावलेला असताना आंघोळ टाळायची, बाकी रोजचं सगळं करायचं. जिना चढायचा, बाजारात जायचं, आणि जेव्हा काही वाटेल तेव्हा घड्याळ पाहून वहीत लिहायचं, ‘४.१०, उभं राहताना अंधारी’. ही नोंद नसेल तर डॉक्टरांना एक लाखाच्या वर ठोक्यांच्या ढिगाऱ्यात तुमची ती अंधारी शोधून सापडत नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या चक्करीला एक दिवसाचा होल्टर पकडेल ही अपेक्षा मात्र लॉटरीचीच. तिथे एक-दोन आठवड्यांची छातीला चिकटवायची पट्टी, किंवा वारंवार बेशुद्धी असेल तर कातडीखाली बसवायचा, काही वर्षं चालणारा लहानसा रेकॉर्डर. मनगटी घड्याळातला ३० सेकंदांचा ईसीजीही एएफसाठी उपयोगी पडतो. फक्त त्यावरून हार्ट अटॅक नाही असा निष्कर्ष काढायचा नाही.

एएफमध्ये बीपी मोजतानाही एक पथ्य आहे. प्रत्येक ठोक्याला हृदय वेगवेगळं भरतं, म्हणून प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा. एकदा मोजून १६० आलं म्हणून गोळी वाढवू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजून सरासरी घ्यावी. ऑक्सिमीटरचा पल्सही खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ११० मोजले जातात तेव्हा मनगटावर ८५ च मिळतात, कारण अर्धवट भरलेले ठोके बोटापर्यंत पोचतच नाहीत.

आता गुठळी. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे. डाव्या वरच्या कप्प्याला एक चिंचोळा, आंधळ्या बोळासारखा कोपरा असतो. कप्पा थरथरू लागला की या बोळात रक्त साचतं, आणि साचलेलं रक्त गोठतं. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये सुमारे ९० टक्के गुठळ्या इथेच तयार होतात. तिथून सुटलेली गुठळी थेट मेंदूच्या धमनीत जाऊन बसते. एएफ असलेल्याला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट, आणि एएफमधला पक्षाघात सहसा मोठा असतो, कारण गुठळीही मोठी असते. धडधड कमी झाली, नाडी ७५ वर आली, बरं वाटू लागलं, तरी हा धोका रेसभरही कमी होत नाही. औषधाने ठोके आवरलेल्या माणसाने ‘आता बरं आहे’ म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सोडणं, हा एएफमधला सर्वांत महागात पडणारा निर्णय.

ही गोळी कुणाला द्यायची याचं गुणपत्रक असतं. हार्ट फेल्युअर, बीपी, मधुमेह, हृदयाच्या किंवा पायांच्या धमन्यांचा आजार, प्रत्येकी एक गुण. वय ६५ ते ७४ असेल तर एक, ७५ आणि पुढे दोन. पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. जुन्या पद्धतीत स्त्री असल्याचा एक गुण धरत, नव्या युरोपीय मार्गदर्शनाने २०२४ साली तो काढून टाकला. तो न धरता दोन गुण झाले की गोळी द्यावी. मग सोपा हिशोब असा, की एएफ आहे आणि पंचाहत्तरी झाली, तर नुसत्या वयावरच माणूस पास. ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य नेमकं उलटं आहे. याच वयात.

अॅस्पिरिन या कामाची नाही. ‘रक्त पातळ व्हायला अर्धी गोळी चालू आहे’ असं सांगणारे बहुतेकदा अॅस्पिरिनबद्दल बोलत असतात. ब्रिटनमध्ये ७५ पुढच्या एएफच्या रुग्णांवर झालेला बाफ्टा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाला वॉरफॅरिनवर १.८ टक्के तर अॅस्पिरिनवर ३.८ टक्के लोकांना पक्षाघात किंवा तसंच गंभीर काही झालं, आणि मोठ्या रक्तस्रावात फरक दिसला नाही. म्हणजे म्हाताऱ्यांना सौम्य औषध म्हणून अॅस्पिरिन देण्यात संरक्षण निम्मं आणि सुरक्षितता तेवढीच.

खरी गोळी दोन जातींची. जुनी जात म्हणजे वॉरफॅरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारं असिट्रॉम. हिच्यासाठी आयएनआर ही, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी, रक्ततपासणी ठरावीक दिवसांनी करावी लागते आणि आकडा २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. नवी जात म्हणजे अॅपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान, रिव्हॅरॉक्सॅबॅन. तिला आयएनआर लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की तपासणीच लागत नाही. लागते, किडनीची. आणि इथे एक हिशोब समोर मांडूनच करू, कारण चूक नेमकी इथे होते.

८० वर्षांच्या आजी, वजन ४५ किलो. रिपोर्टमध्ये क्रिअॅटिनिन १.१, शेजारी छापलेल्या मर्यादेच्या आत किंवा तिला चिकटून. घरचे म्हणतात किडनी चांगली आहे. आता सूत्र: १४० मधून वय वजा करायचं, उरलेल्याला वजनाने गुणायचं, आणि ७२ गुणिले क्रिअॅटिनिन याने भागायचं. ६० गुणिले ४५ म्हणजे २७००. भागिले ७९.२, म्हणजे ३४. स्त्री असल्यामुळे ०.८५ ने गुणायचं, उरले २९. म्हणजे मिनिटाला २९ मिलिलिटर, तरुण किडनीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकं काम. क्रिअॅटिनिन स्नायूंतून येतं आणि आजींच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, म्हणून आकडा गोड दिसतो. डॅबिगॅट्रानचा ८० टक्के निचरा किडनीतून होतो, तेव्हा या आजींना ते धार्जिणं नाही. अॅपिक्सॅबॅनची नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅम दोनदा. वय ८० किंवा पुढे, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिअॅटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागू असतील तर २.५ मिलिग्रॅम दोनदा. आजींना दोन लागू आहेत. पण ७६ वर्षांच्या, ७० किलोच्या, चांगल्या किडनीच्या आजोबांना ‘वय आहे म्हणून’ अर्धी मात्रा देणं चूक. त्याने रक्तस्राव कमी होईल या आशेवर गुठळीला वाट मोकळी राहते. उलट बाजूने दुसरी सावधगिरी: अतिशय थकलेल्या माणसाचं जुन्या गोळीवर आयएनआर वर्षानुवर्षं नीट बसलेलं असेल, तर केवळ नवी आली म्हणून गोळी बदलू नये. २०२३ च्या एका डच अभ्यासात अशा बदलानंतर रक्तस्राव वाढलेला दिसला.

आकसलेली झडप किंवा धातूची कृत्रिम झडप असेल तर मात्र नवी जात बादच. तिथे वॉरफॅरिन किंवा असिट्रॉमच, तपासणीचा कितीही कंटाळा आला तरी.

गोळ्यांचा घरगुती व्यवहार हा स्वतंत्र विषय आहे. औषधांचा स्टीलचा डबा, त्यात कात्रीने चौकोन कापलेल्या पट्ट्या, काहींची नावं कापण्यात गेलेली. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल ओल धरते, ती मूळ पाकिटातून घेतानाच काढायची. आठवड्याच्या खणांच्या डबीत आधीपासून भरून ठेवायची नाही. गिळता येत नाही म्हणून कॅप्सूल उघडून दाणे पाण्यात घालून देणं तर धोक्याचंच, कारण रक्तात जाणारी मात्रा कितीतरी वाढते. रिव्हॅरॉक्सॅबॅन पोटभर जेवणाबरोबर घ्यायची असते, नाहीतर ती पुरती शोषली जात नाही. निर्जळी एकादशीला किंवा रात्री नुसतं दूध पिऊन झोपणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. दिवसातून दोनदाची गोळी राहिली, आणि पुढच्या गोळीला सहा तासांहून जास्त वेळ असेल तर लगेच घ्यावी. त्याहून कमी असेल तर ती सोडून द्यावी. दोन एकदम कधीच नाहीत.

असिट्रॉमवाल्यांना पालेभाजी बंद करायला सांगतात, ते मला पटत नाही. मेथी, पालक, शेपू, अळू, माठ यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण त्रास होतो तो अचानक बदलाने. श्रावण लागला, घरात अळूचं फतफतं आणि रानभाज्या रोज सुरू झाल्या की आयएनआर उतरतो. आजारपणात आठवडाभर पेजेवर राहिलं की चढतो. आठवड्यात जितकी खाता तितकीच खात राहा, मात्रा त्या खाण्यावर बसवता येते. याहून मोठा गोंधळ दुसरी औषधं घालतात. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल, यांतलं काहीही सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर पाहायचा.

पेनकिलर हा सर्वांत मोठा शत्रू. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, रक्त पातळ करणाऱ्या कुठल्याही गोळीबरोबर, म्हणजे जठरातून रक्तस्रावाला आमंत्रण. पॅरासिटामॉल चालतं. आणि गल्लीतल्या दवाखान्यात ‘एक इंजेक्शन ठोका, लगेच बरं वाटतं’ हा जो आपल्याकडचा प्रघात आहे, तो इथे दुहेरी नडतो. औषधही तेच डायक्लोफिनॅक, आणि कमरेच्या स्नायूत सुई गेली तर आत रक्त साकळून मुठीएवढा गोळा होतो. सुई टोचून घेण्याआधी कुठली गोळी चालू आहे हे सांगायचं. ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असलं तर उत्तम.

‘पडण्याची भीती आहे म्हणून गोळी नको’ हे डॉक्टरही बोलतात. १९९९ साली काही संशोधकांनी गणित मांडलं होतं, की पडून डोक्यात रक्तस्राव होण्याचा धोका वॉरफॅरिनच्या फायद्यावर मात करायला माणसाला वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावं लागेल. गणित ते गणितच, पण दिशा बरोबर आहे. पडण्यावर उपाय बाथरूममधली दांडी, रात्रीचा दिवा, घसरणाऱ्या चपला टाकणं आणि झोपेची गोळी कमी करणं हा आहे. मात्र गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर माणूस ठीक दिसला तरी सीटी स्कॅन करायचाच. डांबरासारखी काळी शी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. दात काढायचा असेल तर स्वतःच्या मनाने चार दिवस आधी गोळी बंद करू नये, बहुतेक वेळा ती बंद करण्याची गरज नसते. तोंड वाकडं होणं, एक हात गळणं, बोबडं बोलणं, यांतलं काही दिसलं तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येईल अशा इस्पितळात पोचायचं. तिथे विचारतील की गोळी शेवटची कधी घेतली. नव्या जातीची गोळी ४८ तासांच्या आत घेतलेली असेल तर ते इंजेक्शन सहसा देत नाहीत, गुठळी तारेने काढण्याचा मार्ग पाहतात. त्यामुळे अंदाजाने उत्तर देऊ नये.

ठोक्यांचा वेग आवरणं त्या मानाने सोपं. बसल्या जागी मिनिटाला ११० च्या खाली असला आणि माणसाला त्रास नसला तर पुरे, हे २०१० च्या एका डच अभ्यासाने दाखवलं. त्यासाठी मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टिॲझेम, आणि हृदय अशक्त असेल तर डिगॉक्सिन. डिगॉक्सिन तिळपुष्पीच्या जातीच्या वनस्पतीतून येतं. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली तिच्यावर लिहिलं तेव्हाच जास्त मात्रेने मळमळ होते आणि सगळं पिवळं-हिरवं दिसतं हे नोंदवलं होतं. आपल्याकडे ‘आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी’ अशी ती लिहून देण्याची रीत आहे. म्हाताऱ्या किडनीला तेवढीही जास्त होऊ शकते. अन्नावरची वासना उडाली, मळमळ, थोडं असंबद्ध बोलणं सुरू झालं तर ॲसिडिटीच्या गोळ्या आणण्याआधी डिगॉक्सिनची आणि पोटॅशियमची पातळी तपासावी. ठोका पुन्हा तालावर आणण्यासाठी अमिओडॅरोन दिली असेल तर थायरॉइड आणि लिव्हर दर सहा महिन्यांनी. गोळीत वजनाच्या ३७ टक्के आयोडिन असतं, आणि ती बंद केल्यावरही आठवडे-महिने अंगात मुरलेली राहते. सोबत असिट्रॉम किंवा वॉरफॅरिन असेल तर त्याची मात्रा साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करावी लागते. नवीन एएफ असेल आणि त्रास होत असेल तर ताल परत आणण्याचा प्रयत्न लवकर, पहिल्या वर्षाच्या आत केलेला चांगला, असं २०२० नंतर मत बनलं आहे. ताल परत आला तरी गुणपत्रकाप्रमाणे गुठळीची गोळी चालूच.

याच्या उलट टोकाला संथ नाडी. ४० ठोके, चालताना डोळ्यांपुढे अंधारी, कधी उभ्या उभ्या कोसळणं आणि क्षणात शुद्धीवर येणं. पेसमेकरची भाषा सुरू होण्याआधी सगळी औषधं टेबलावर मांडावीत. बीपीसाठी एका डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल दिलेली असते, छातीसाठी दुसऱ्यांनी डिल्टिॲझेम. दोन्ही ठोका मंदावतात आणि ब्रँडची नावं वेगळी म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. विसराळूपणासाठीची डोनेपेझिल तेच करते. आणि सर्वांत हमखास निसटणारी गोष्ट म्हणजे काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यातून नाकात उतरणाऱ्या नळीवाटे ते रक्तात जातात आणि हृदयाला मंदावतात. ‘कुठली औषधं चालू आहेत’ याच्या उत्तरात डोळ्याचे थेंब कुणी सांगतच नाही. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला तर रक्तात बरंच कमी जातं.

औषधं बदलूनही तीन सेकंदांहून लांब थांबे येत असतील आणि त्या वेळी अंधारी येत असेल, किंवा वरच्या-खालच्या कप्प्यांमधली ती विद्युत चौकीच बंद पडली असेल, तर पेसमेकर. २०-३० ग्रॅमचं यंत्र, कॉलरबोनखाली, तेवढीच जागा बधिर करून साधारण तासाभरात बसतं. बॅटरी ८ ते १२ वर्षं. चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे दोरीवर कपडे वाळत घालणं बंद. पण हात गळ्यात बांधून ठेवायचाही नाही, खांदा आखडतो. मोबाइल यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब, म्हणजे शर्टाच्या त्या खिशात नको. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब. मिक्सर, टीव्ही, विमानतळाची चौकट यांनी काही होत नाही, चौकटीत रेंगाळायचं नाही इतकंच. एमआरआय करायचा असेल तर यंत्राचं कार्ड दाखवायचं. यंत्र ६० वर लावलेलं असताना मनगटावर सतत ५० च मिळू लागले तर तपासून घ्यावं.

आणि एक फसवी गोष्ट. एएफ असलेल्याला पेसमेकर बसला की नाडी घड्याळासारखी नियमित होते. ती खालच्या कप्प्याची. वरचा कप्पा पूर्वीसारखाच थरथरत असतो, बोळात रक्त साचतच असतं. रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची नाही.

पेसमेकर असलेल्या व्यक्तीच्या अंत्यविधीआधी तो काढावा लागतो, कारण आगीत बॅटरी फुटते. हे घरच्यांनी मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना आपणहून सांगायचं. लहानसा छेद घेऊन थोड्या वेळात होणारं काम आहे. स्मशानात पोचल्यावर आठवलं तर तिथे ते करून देणारं कुणी नसतं.